वाचकांची पत्रं, जाणकारांची उत्तरं : डकारची गाडी १/२४ प्रमाणात

डकार या वाळवंटी रॅलीच्या गाड्यांची प्लास्टिक मॉडेल्स बनवणाऱ्यांची इतकी पत्रं जमली की या अंकाचं सदर त्यांनाच दिलं आहे. एकाच अडचणीची पत्रं एकत्र केली आहेत.

१/२४ मधली, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी, पजेरो बांधतो आहे. चासी जोडली, अ‍ॅक्सल बसवले, सगळं वाळलं. टेबलावर ठेवली तर पुढचं डावं चाक दीड मिलिमीटर वर राहतं. आता सगळं मोडावं लागेल का? (मडगाव)

मोडण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा. चाकं काढा आणि नुसती चासी काचेच्या तुकड्यावर ठेवून कोपरे बोटाने दाबा. ती डुगडुगली तर चासीला पीळ आहे. ती सपाट बसली तर अ‍ॅक्सल तिरका चिकटला आहे.

पिळाला गरम पाणी हाच इलाज. साधारण ६०-६५ अंशांच्या पाण्यात चासी अर्धा मिनिट धरा, उलट दिशेला हव्या त्याहून किंचित जास्त पिळा आणि तशीच धरून गार पाण्यात बुडवा. एकदा जमलं नाही तर पुन्हा करा. उकळतं पाणी मात्र नको. किटचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि सस्पेन्शनचे बारीक दांडे सर्वांत आधी वाकतात.

अ‍ॅक्सल तिरका असेल तर तो कशाने चिकटवला होता ते आठवा. प्लास्टिक सिमेंट असेल तर सांध्याभोवती पातळ सिमेंट पुन्हा सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि हलक्या हाताने हलवत राहा. सांधा विरघळून सुटतो. फेविक्विक वापरलं असेल तर चासी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने ते ठिसूळ होतं आणि सांधा बहुधा स्वच्छ तुटतो.

पुढच्या वेळी अ‍ॅक्सल चिकटवताना सावकाश वाळणारं दाट सिमेंट घ्या, चाकं तात्पुरती बसवा, गाडी काचेवर उभी करा, चासीवर दोन पेन्सिल सेल ठेवा आणि रात्रभर हात लावू नका. टायर खालून घासून उंची जुळवण्याचा मार्ग काहीजण सुचवतात, पण तो धरू नका. रॅलीच्या गाडीचं सारं रूप तिच्या उभं राहण्यात असतं आणि घासलेला टायर लगेच नजरेत भरतो.

जुलैत स्प्रे कॅनने गडद निळा लॅकर मारला. तासाभरात वर दुधी थर आला. रंग खराब निघाला की आमचं काही चुकलं? (रत्नागिरी, ठाणे)

कारण हवेत आहे. लॅकरमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि जाताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातं. बॉडी आजूबाजूच्या हवेपेक्षा गार पडते, ओल्या हवेतलं बाष्प तिच्यावर धरतं आणि अर्धवट वाळलेल्या रंगात अडकतं. तोच तो दुधी थर. हवेतली आर्द्रता ७५-८० टक्क्यांच्या वर गेली की हा धोका असतोच, आणि कोकणात जुलैत ती बहुतेक वेळ त्याहून जास्त असते. गडद आणि तुकतुकीत रंगांवर हे ठळक दिसतं. पांढऱ्यावरही होतं, पण तिथे ते नुसतं मळकट वाटतं.

झालेलं काम वाया गेलेलं नाही. बॉडी पूर्ण वाळू द्या. कोरडा दिवस पाहून त्यावर ग्लॉस क्लिअर लॅकरचा एक हलका आणि एक ओला हात द्या. क्लिअरमधलं सॉल्व्हंट वरचा थर पुन्हा मऊ करतं, अडकलेलं बाष्प निघून जातं आणि निळा रंग परत येतो. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) असेल तर सावकाश उडणारं, म्हणजे रिटार्डर घातलेलं लॅकर थिनर नुसतंच धुक्यासारखं मारा. तेवढ्यानेही भागतं. डाग खोल असेल तर २००० नंबरच्या वॉटर पेपरने ओलं घासून रंगाचा एक हात पुन्हा द्यावा लागेल.

पावसाळ्यात रंगवायचंच असेल तर खोलीत स्वस्तातला आर्द्रतामापक टांगा आणि दुपारची, त्यातल्या त्यात कोरडी वेळ धरा. कॅन ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा. आतला दाब वाढतो आणि फवारा बारीक पडतो. गॅसवर किंवा उकळत्या पाण्यात कॅन कधीही ठेवू नका. वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून आधी दोन-तीन विरळ हात, प्रत्येकामध्ये दहा मिनिटं, आणि शेवटचाच हात ओला. एकाच जाड हातात जितकं जास्त सॉल्व्हंट, तितकी बॉडी जास्त गार पडते.

मास्कबद्दल एकाने विचारलं आहे. एन-९५ मास्क रंगाचे कण अडवतो, सॉल्व्हंटची वाफ अडवत नाही. लॅकरसाठी ऑरगॅनिक व्हेपर काडतुसांचा मास्क लागतो आणि उघडी खिडकीही लागते. एसी लावून बंद खोलीत लॅकर मारणं धोक्याचं आहे, मग हवा कितीही कोरडी असो.

किटची बॉडी लाल प्लास्टिकची आहे. पांढऱ्या रंगाचे कितीही हात दिले तरी ती गुलाबीच दिसते. (सांगली)

प्लास्टिकमधला लाल रंग लॅकरमध्ये विरघळून वर येतो. पांढऱ्याचा प्रत्येक नवा हात त्याला आणखी वर ओढतो. मध्ये चंदेरी रंगाचा एक पूर्ण थर द्या, तो वाळल्यावर पांढरा प्रायमर आणि मग पांढरा. चंदेरी रंगातल्या धातूच्या चपट्या कणांमुळे लाल तिथेच अडतो.

माझ्याकडे पूजो २०५ टर्बो १६ चा रॅलीचा किट आहे. डेकल बदलून १९८७ ची डकार जिंकलेली गाडी करता येईल ना? (दुबई)

नुसत्या डेकलने, म्हणजे पाण्यात सोडवून गाडीवर चिकटवायच्या छापील चित्रांनी, होणार नाही. तुमचा किट ग्रुप बी या जुन्या रॅली वर्गातल्या गाडीचा आहे. याच गाडीने पूजोला १९८५ आणि १९८६ ची जागतिक अजिंक्यपदं मिळवून दिली. १९८६ नंतर ग्रुप बी बंद झाला आणि पूजोने हीच गाडी आफ्रिकेत नेली. १९८७ मध्ये आरी वातानेन आणि १९८८ मध्ये युहा कान्कुनेन तिच्यावर डकार जिंकले. पण वाळवंटातल्या लांबलचक टप्प्यांसाठी जास्त इंधन आणि जास्त स्थैर्य हवं होतं, म्हणून गाडी लांबवली गेली. दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर सुमारे ३० सेंटिमीटरने वाढलं. १/२४ मध्ये हे साडेबारा मिलिमीटर होतात, आणि हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या मॉडेलमध्ये तेवढा फरक कोणाच्याही लक्षात येतो. शिवाय डकारची गाडी जमिनीपासून बरीच उंच उभी राहते.

हे रूपांतर करायचंच असेल तर खऱ्या गाडीचा अगदी बाजूने काढलेला फोटो शोधा आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर चाकाच्या व्यासाच्या पटीत मोजा. फोटो कोणत्या प्रमाणात छापला आहे याने मग काही बिघडत नाही. बॉडी आणि तळ दोन्ही कापावे लागतील. काप शक्यतो पॅनलच्या खाचेतूनच घ्या, मध्ये एक मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचे तुकडे भरा आणि आतून आडवी पट्टी लावून सांधा पक्का करा. त्यावर पुट्टी, घासणं, प्रायमर, आणि प्रायमरने दाखवलेल्या खळग्यांत पुन्हा पुट्टी. महिनाभराचं काम आहे. डकारची गाडी म्हणूनच निघालेला किट मिळत असेल तर आमचं मत त्याच्याच बाजूने आहे.

तीस वर्षं जुन्या किटचे डेकल पिवळे पडले आहेत, एक पाण्यात टाकल्यावर तुकडे होऊन पसरला. शिवाय सिगारेटच्या नावाचे डेकल शीटवर नाहीतच. (नागपूर, पुणे)

पिवळेपणा बऱ्याचदा जातो. शीट पारदर्शक पिशवीत घाला, छापील बाजू बाहेरच्या दिशेने ठेवून उन्हाच्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवा आणि आठवडाभर राहू द्या. पिशवीत ओल शिरली तर डेकल कागद सोडतील, म्हणून हे काम उन्हाळ्यातच करा.

तुकडे होतात कारण डेकलखालचा वार्निशचा पापुद्रा तडकलेला असतो. शीटवरचा बिनकामाचा एखादा डेकल आधी पाण्यात टाकून पाहा. तो फुटला तर सगळ्या शीटवर ग्लॉस क्लिअरचे दोन पातळ हात द्या आणि दिवसभर वाळू द्या. असं केल्यावर प्रत्येक डेकल त्याच्या कडेला अगदी लागून कापावा लागतो, कारण आता सबंध शीट एकच पापुद्रा झालेली असते. पाण्यात दहा-पंधरा सेकंदच बुडवा, बाहेर काढून टिश्यूवर मिनिटभर ठेवा आणि आपोआप सरकू लागला की गाडीवर घ्या. कागदावरून नखाने ओढू नका.

डेकलखाली चांदीसारखी चकाकी दिसते ती अडकलेल्या हवेची. मॅट रंगाच्या खडबडीत पृष्ठभागावर ती हमखास अडकते. म्हणून डेकलआधी बॉडी ग्लॉस हवी, मॅट करायची असली तरी ते नंतर.

सिगारेटच्या जाहिरातींचं असं आहे की तंबाखूच्या नावांवर बंधनं आल्यापासून बहुतेक किटमधून ती वगळली जातात. १९८६ ची डकार जिंकलेली पोर्शे ९५९ रॉथमन्स या सिगारेटच्या निळ्या, पांढऱ्या, सोनेरी, लाल पट्ट्यांत धावली होती. त्या नावाशिवाय ती अपुरी वाटते हे खरं. वेगळे विकले जाणारे डेकल संच घ्या, पण मागवताना त्यावर तुमच्या किटच्या कंपनीचं नाव आहे का ते पाहा. एकाच गाडीच्या दोन कंपन्यांच्या बॉडीत मिलिमीटरभर फरक असतो आणि लांब पट्टे तेवढ्यानेच चुकतात.

मी नववीत आहे. मला पजेरोच करायची आहे. कशापासून सुरुवात करू आणि किती हत्यारं लागतील? (कोल्हापूर)

पजेरोपासूनच कर. इंजिन नसलेला, अखंड बॉडीचा १/२४ चा किट निवड. डकारमध्ये ही गाडी १९८३ पासून उतरली, १९८५ मध्ये पहिल्यांदा जिंकली आणि एकूण बारा वेळा जिंकली, त्यामुळे फोटो भरपूर मिळतील. २००१ मध्ये युटा क्लाइनश्मिट ही डकार जिंकणारी पहिली महिला ठरली, तीही पजेरोतच.

हत्यारं पाच घे : धारदार साइड कटर, ब्लेडचा चाकू, टोकदार चिमटा, ४००, ६०० आणि १००० नंबरचे वॉटर पेपर, आणि ब्रश असलेली पातळ प्लास्टिक सिमेंटची बाटली. किटचे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेममध्ये जोडलेले येतात तिच्यापासून ते दोनदा काप. आधी दूरवर, मग जवळून. एकाच कापात तोडलास तर प्लास्टिक ओढलं जाऊन पांढरा ओरखडा पडतो. रंगवण्याआधी सगळ्या फ्रेम भांडी घासायच्या साबणाने कोमट पाण्यात धू, कारण साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल त्यावर असू शकतं. काचांना फेविक्विक लावू नकोस, त्याच्या वाफेने काच आतून धुरकट होते. काचेला साधं पांढरं फेविकॉल टूथपिकने लाव. ते वाळल्यावर पारदर्शक होतं आणि जास्तीचं ओल्या इअरबडने पुसता येतं.

किटमधला रोल केज (गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा) काडीसारखा बारीक आहे. नवा करायचा तर कोणत्या जाडीचा? छपरावर जेरीकॅनही रचायचे आहेत. (पुणे)

आंतरराष्ट्रीय नियमांत मुख्य कमानीची नळी ४५ किंवा ५० मिलिमीटर व्यासाची आणि बाकीच्या नळ्या ३८ किंवा ४० मिलिमीटरच्या असतात. १/२४ मध्ये मुख्य कमान १.९ ते २.१ आणि बाकी सुमारे १.६ मिलिमीटर. बाजारात २ आणि १.६ मिलिमीटरचे प्लास्टिक रॉड मिळतात, तेच घ्या. वाकवताना रॉड मेणबत्तीपासून वर, फक्त ऊब लागेल इतक्या अंतरावर फिरवत राहा. सांध्याचं टोक कानशीने अर्धगोल करा, नाहीतर नळीला नळी नीट भिडत नाही.

जेरीकॅनबद्दल : वीस लिटरचा कॅन सुमारे ४७ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे मॉडेलवर साडेएकोणीस मिलिमीटर. पण कारखान्याच्या संघांच्या गाड्यांत इंधन आत बसवलेल्या मोठ्या टाकीत असतं. छपरावर वजन चढलं की वाळूच्या उतारावर गाडी उलटते. कॅनची रास मोहिमेच्या गाडीला शोभते. स्पर्धेच्या गाडीवर वाळूत रुतल्यावर चाकाखाली घालायच्या पाट्या, फावडं आणि जादा चाकं दाखवा. त्या पाट्या किटमध्ये हमखास जाड असतात. कडा मागून तिरक्या घासल्या की समोरून पातळ दिसतात. बांधायचे पट्टे मास्किंग टेपच्या एक मिलिमीटर रुंद फितीतून काढा. खरा पट्टा २५ मिलिमीटरचा असतो, म्हणजे माप बरोबर जमतं.

धूळ कशी करायची? पिगमेंट पावडर मारली की गाडी पिठात लोळवल्यासारखी दिसते. वर मॅट क्लिअर मारला तर धूळच गायब होते. (नाशिक, बेळगाव आणि इतर)

सर्वांत जास्त पत्रं या प्रश्नाची आहेत आणि रॅलीच्या गाडीचा कसही इथेच लागतो.

आधी गाडी कुठे उभी आहे ते ठरवा. नायजरमधल्या तेनेरे वाळवंटाची वाळू फिकट पिवळी. माली आणि बुर्किना फासोतल्या रस्त्यांवर मात्र लॅटेराइटची तांबडी धूळ, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याच्याच जातीची. आफ्रिकेतली ही शर्यत जिथे संपायची त्या सेनेगलमधल्या डकार शहराजवळच्या किनाऱ्यावर पुन्हा फिकट वाळू. त्यामुळे शर्यतीच्या शेवटाकडची गाडी दाखवायची तर खाली सांदीकोपऱ्यांत तांबडं आणि वर फिकट अशी दोन थरांची धूळ शोभते. एकाच डबीतला एकच रंग सगळीकडे फासला की पीठ दिसणारच.

मग धूळ कुठे बसते ते पाहा. चाकांमागच्या बॉडीवर आणि दारांच्या खालच्या तिसऱ्या भागात ती सर्वांत दाट. मागचं दार जवळजवळ पूर्ण माखलेलं, कारण धावत्या गाडीमागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली धूळ तिथे ओढली जाते. बॉनेटवर विरळ. पुढच्या काचेवर वायपरच्या दोन कमानी स्वच्छ. दाराच्या हँडलभोवती हात लागून पुसलेलं. हेडलाइट पुसलेले, कारण रात्री त्यांच्याशिवाय चालत नाही.

आता क्रम. डेकलवर ग्लॉस लॅकर क्लिअर, दोन दिवस वाळू द्या. खाचांमध्ये गडद तपकिरी इनॅमल वॉश, म्हणजे खाचांत साचणारा अगदी पातळ रंग, काळा नको. लॅकर खाली असल्यामुळे चुकलेला वॉश इनॅमल थिनरच्या इअरबडने पुसता येतो आणि रंगाला धक्का लागत नाही. चासीच्या न रंगवलेल्या, ताणाखालच्या भागांवर मात्र हा वॉश ओतू नका. इनॅमल थिनर उघड्या प्लास्टिकमध्ये शिरतं आणि अ‍ॅक्सलचे दांडे चक्क तडकतात. चासी आधी रंगवा, मग वॉश.

वॉशला एक दिवस द्या. त्यानंतर वायपरच्या कमानींच्या आकाराचे मास्किंग टेपचे तुकडे काचेवर चिकटवा आणि जिथे धूळ बसवायची तिथे मॅट क्लिअर मारा. ग्लॉसवर पावडर टिकत नाही. मग एअरब्रशने फिकट मातकट अ‍ॅक्रिलिक, एक भाग रंगाला चार-पाच भाग थिनर, हवेचा दाब १२ ते १५ पीएसआय, दहा-बारा सेंटिमीटरवरून. फवारा खालून वर आणि मागून पुढे धरा, कारण खरी धूळही चाकांकडूनच येते. पहिल्या दोन फेऱ्यांत काहीच झालं नाही असं वाटेल. तिथे घाई करू नका, थर वाळल्यावर उजळतो. पाणी लावलेल्या चपट्या ब्रशने दारांवर उभे, हलके फटकारे मारले की धूळ थोडी उतरते आणि एकसारखेपणा मोडतो.

पिगमेंट सर्वांत शेवटी, आणि तेही फक्त खाचा, चाकांच्या कमानी, पायऱ्या आणि बंपरच्या वरच्या कडांवर. कोरडी पावडर मऊ ब्रशने ठेवा आणि पिगमेंट फिक्सरचा, म्हणजे पावडर धरून ठेवणाऱ्या द्रवाचा, थेंब कडेला टेकवा. तो आपोआप आत शोषला जातो. ब्रश पावडरवर टेकवलात तर चिखल होतो. फिक्सर वाळल्यावर रंग थोडा गडद राहतो, म्हणून आधी फ्रेमच्या तुकड्यावर पाहून एक छटा फिकट पावडर निवडा. यानंतर मॅट क्लिअर मारायचा नाही. क्लिअरने पावडरचे कण भिजतात, त्यांच्यामधल्या हवेची जागा वार्निश घेतं आणि धूळ पारदर्शक होऊन नाहीशी होते. तुमच्याकडे तेच झालं आहे.

पिगमेंट मिळत नसेल तर कोरडे पेस्टल खडू वॉटर पेपरवर घासून काढलेली पूड चालते. घरामागची तांबडी मातीही काहीजण वापरतात. ती तव्यावर भाजून कोरडी करा आणि नायलॉनच्या मोज्यातून दोनदा चाळा. तरीही ती फक्त गाडीखालच्या बेससाठी ठेवा, गाडीवर नको. मातीचा दशांश मिलिमीटरचा कण या प्रमाणात अडीच मिलिमीटरचा खडा होतो.

कपाटातल्या जुन्या मॉडेलचे रिम टायरला लागून वितळले आहेत. उष्णतेने का? (सोलापूर)

उष्णतेने वेग वाढतो, पण मूळ कारण टायरचं मऊ व्हिनाइल. त्यातलं प्लास्टिसायझर (व्हिनाइल मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू बाहेर येतं आणि पॉलिस्टायरीन विरघळवतं. रंगाचा थर त्याला पुरेसा अडवत नाही. नवं मॉडेल करताना रिम आणि टायरमध्ये स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलची पट्टी गुंडाळा आणि टायर नुसता चढवा, चिकटवू नका. त्याआधी टायरच्या मधोमध असलेली साच्याची रेघ ३२० नंबरच्या पेपरने घासून टाका. त्याच घासण्याने रबराची चमकही जाते आणि धूळ धरायला खडबडीत जागा मिळते. वितळलेला रिम फार बिघडला नसेल तर टायर काढून आठवडाभर उघडा ठेवा, प्लास्टिक पुन्हा कडक होईल, मग पुट्टी लावा. जादा चाकही विसरू नका. ते गाडीच्या आत किंवा पाठीवर असतं आणि जिथे टेकतं तिथल्या बॉडीलाही असंच खातं.